एकतर्फी बेसबॉल सामन्यात हरणाऱ्या संघाचे चाहते शेवटच्या आउटपर्यंत का बसून राहतात?

आपण लिहिले आहे की, जपानमधील सहकाऱ्यांबरोबर आपण पहिल्यांदाच व्यावसायिक बेसबॉल सामना पाहिला, नऊपैकी पाचव्या इनिंगलाच (दोन्ही संघांनी तीन-तीन आउट होईपर्यंत एकदा बॅटिंग केली की एक इनिंग होते) एका संघाकडे दहा धावांची आघाडी झाली, आणि तरीही हरणाऱ्या संघाचे चाहते ट्रम्पेट व ढोलाच्या साथीने शेवटपर्यंत गात बसले. हा निव्वळ वेळेचा अपव्यय नव्हे काय, असा आपला प्रश्न आहे. खेळाचे नियम आपल्याला ठाऊक आहेत असे गृहीत धरतो. ‘वेळेचा अपव्यय’ हे शब्द मात्र मी गेली कित्येक वर्षे घरातल्याच एका व्यक्तीच्या तोंडून ऐकत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

२००५ मध्ये मी ईशान्य जपानमधील सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठात धातुशास्त्राचा संशोधक विद्यार्थी होतो. त्या वर्षी शहराला स्वतःचा संघ मिळाला, तोही मोठ्या भांडणानंतर. २००४ मध्ये किंतेत्सु आणि ओरिक्स या दोन संघांच्या मालकांनी विलीनीकरणाचा निर्णय जाहीर केला. खेळाडू संघटनेने फुरुता आत्सुया यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबरच्या १८ व १९ तारखांना जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातील पहिला संप केला. आणि त्या दबावातून नव्या संघाला परवानगी मिळून राकुतेन या इंटरनेट कंपनीचा ‘गोल्डन ईगल्स’ सेंदाईत उभा राहिला. पन्नास वर्षांत प्रथमच पूर्णपणे नवा संघ स्थापन होत होता. परंतु खेळाडू आणायचे कोठून? विलीन झालेल्या दोन संघांच्या खेळाडूंपैकी हवे ते आधी ओरिक्सने राखून ठेवले आणि उरलेल्यांतून राकुतेनची बांधणी झाली. इवाकुमा हिसाशी हा अव्वल पिचर (म्हणजे चेंडू टाकणारा) आपल्याकडे आला तो केवळ त्याने ओरिक्सकडे जाण्यास ठाम नकार दिला म्हणून. (मी आजही ‘आपल्याकडे’ असेच लिहितो, त्यास इलाज नाही.)

या संघाचे पहिले दोन सामने चिबा येथे लोत्ते मरीन्सविरुद्ध होते. सेंदाईतील वयस्कर माणसांना लोत्तेबद्दल एक जुनी अढी आहे, कारण १९७३ ते १९७७ या काळात लोत्तेचा संघ सेंदाईतच खेळत असे आणि नंतर शहराला सोडून कावासाकीला निघून गेला. माझ्या प्रयोगशाळेतील एका सहाध्यायाचे वडील या विषयावर, विशेषतः साकेच्या दुसऱ्या पेल्यानंतर, बराच वेळ बोलू शकत. २६ मार्च रोजी इवाकुमाच्या पिचिंगवर आम्ही ३-१ असा विजय मिळवला तेव्हा त्या गृहस्थांनी स्वखर्चाने सगळ्या प्रयोगशाळेला जेवू घातले, आणि रात्रीच्या बसने आम्ही काही जण दुसरा सामना पाहण्यासाठी चिबाला निघालो. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कामासाठी तोक्योच्या निशी-कासाई भागात राहत होते. चिबाचे मैदान त्यांच्यापासून फार लांब नव्हते, म्हणून त्यांनाही बोलावले. दाजी वानखेडेवर वाढलेले. ‘बॅट आणि चेंडू आहे ना, मग समजेल,’ असे म्हणत ते आले.

रविवार, २७ मार्च २००५. तो सामना आम्ही २६-० असा हरलो.

अंक छापायला चुकलेला नाही. लोत्तेचे सव्वीस, आमचे शून्य. लोत्तेचा पिचर वातानाबे शुनसुके हात जमिनीला घासून जाईल इतक्या खालून चेंडू टाकत असे. त्याने सामना एकट्याने पूर्ण केला आणि संपूर्ण सामन्यात आम्हांला एकच हिट (बॅटरला सुखरूप पहिल्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, पोहोचवणारा फटका) दिली. लोत्ते यजमान, म्हणजे नंतर बॅटिंग करणारा संघ असल्याने आणि आघाडीवर असल्याने नवव्या इनिंगचा उत्तरार्ध खेळावा लागला नाही, एवढीच काय ती दया. म्हणजे हे सव्वीस त्यांनी आठ इनिंगमध्येच केले होते. त्याच वर्षी लोत्तेने आपला २६ हा क्रमांक कोणत्याही खेळाडूला न देता चाहत्यांसाठी राखून ठेवला होता: सामन्यासाठी निवडलेले पंचवीस खेळाडू आणि सव्विसावा चाहता, अशी ती कल्पना. आमच्या संघानेही १० हा क्रमांक चाहत्यांना दिला होता, कारण मैदानात एका वेळी नऊ खेळाडू असतात आणि दहावा चाहता. त्या दिवशी सव्वीस विरुद्ध दहा असा हिशेब लागला असता, तरी आम्ही आनंदाने घरी गेलो असतो.

आता आपण पाहिलेल्या गाण्याविषयी, कारण बाहेरच्या माणसाला तेथेच सर्वाधिक बुचकळ्यात पडायला होते. जपानमध्ये दोन्ही बाजूंचे चाहते एकाच वेळी ओरडत नाहीत. ज्याची बॅटिंग त्याचे गाणे, असा नियम सगळे पाळतात. प्रत्येक नियमित बॅटरचे स्वतंत्र गाणे असते आणि तो आउट होईपर्यंत किंवा बेसवर पोहोचेपर्यंत ते चालू राहते. एकतर्फी सामन्यात याचा परिणाम मोठा क्रूर होतो. समोरच्यांची बॅटिंग संपता संपत नाही, तोपर्यंत आपण हाताची घडी घालून त्यांची नऊच्या नऊ गाणी ऐकायची, काही तर त्याच इनिंगमध्ये दुसऱ्यांदा. मग आपली पाळी आली की तीन आउट होईपर्यंत जी काही मोजकी मिनिटे मिळतील, त्यांत जे गायचे ते गायचे. लोत्तेचे पांढऱ्या जर्सीतले चाहते तर त्या देशातले सर्वांत तालबद्ध आणि सर्वांत मोठ्या आवाजाचे म्हणून प्रसिद्ध. त्यामुळे आपण पाहिलेले चाहते शेवटपर्यंत गात होते ते पराभव कळत नव्हता म्हणून नव्हे. त्यांच्या वाट्याला गाण्याचा वेळच एवढा थोडा आला होता की, तोही सोडून देणे त्यांना परवडणारे नव्हते. आमच्या त्या एकमेव हिटला पाहुण्यांच्या स्टँडमध्ये जो आवाज झाला, तसा आवाज मी नंतर विजयाच्या वेळीही क्वचितच ऐकला.

दाजी मात्र लोत्तेच्या एका न संपणाऱ्या इनिंगमध्येच उठले. जाताना म्हणाले, ‘अरे, यात आता पाहण्यासारखे काय उरले आहे? क्रिकेटमध्ये निदान डाव घोषित तरी करतात.’ माझ्या सहाध्यायाने ‘ते कोठे निघाले?’ असे विचारले. मी ‘काम आहे’ असे सांगितले. खरे कारण सांगण्याची मला लाज वाटली. त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक दिवाळीत, ‘हा आमचा मेहुणा, सव्वीस-शून्यला शेवटपर्यंत बसलेला माणूस,’ अशी माझी ओळख करून दिली जाते आणि सगळे हसतात. मी तेथे वाद घालत नाही, कारण थोरल्या बहिणीच्या घरी जेवताना वाद घालण्याची आमच्याकडे पद्धत नाही. येथे घालतो.

दाजींचे डाव घोषित करण्याचे वाक्य तेवढे बरोबर आहे, आणि माझ्या मते ते त्यांच्याच विरुद्ध जाते. बेसबॉलमध्ये षटके संपत नाहीत, घड्याळ नाही, आणि आघाडीवरच्या संघाला ‘पुरे झाले’ म्हणण्याची सोय नाही. शालेय स्पर्धांच्या प्रादेशिक फेऱ्यांत ठरावीक फरकानंतर सामना थांबवतात, परंतु व्यावसायिक खेळात धावांच्या फरकावरून सामना कधीच थांबत नाही. पाऊस किंवा धुक्याने थांबला तरच. म्हणजे हरणाऱ्या संघालाही समोरच्यांच्या प्रत्येक इनिंगचे तीन आउट मिळवावेच लागतात आणि कोणीतरी ते चेंडू टाकावेच लागतात. गुणतक्त्यात धावांना किंमत नसते, विजयाच्या टक्केवारीला असते. ०-१ असा पराभव आणि ०-२६ असा पराभव, दोन्ही एकच पराभव म्हणून लिहिले जातात. त्यामुळे सामना हातातून गेला की, व्यवस्थापकाचा सगळा विचार उद्याकडे वळतो, आणि हे वळणे पाहण्यासारखे असते: भरवशाचे पिचर राखून ठेवले जातात, ज्यांना ‘हाइसेन-शोरी’ म्हणतात ते पराभवाची आवराआवर करणारे पिचर पुढे येतात, राखीव फळीतला पोरसवदा खेळाडू आयुष्यातला पहिला चेंडू खेळायला उभा राहतो. अटीतटीच्या सामन्यात ही माणसे डगआउटच्या कोपऱ्यातून बाहेरही येत नाहीत. ज्याला आपल्या संघाची माणसे ओळखायची आहेत, त्याने हरलेला सामनाच पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विचार जपानमध्ये सर्वांना मान्य आहे असे मात्र नाही. ६ ऑगस्ट २०२० रोजी कोशिएन मैदानावर योमिउरी जायंट्स हा देशातला सर्वांत नावाजलेला संघ हानशिन टायगर्सविरुद्ध अकरा धावांनी मागे असताना, व्यवस्थापक हारा तात्सुनोरी यांनी आठव्या इनिंगमध्ये मासुदा दाइकी या क्षेत्ररक्षकाला पिचर म्हणून उभे केले. कोरोनामुळे वेळापत्रक अतिशय दाटीचे झाले होते आणि पिचरांचे खांदे वाचवणे शहाणपणाचे होते; तरीही ‘जायंट्सने असे करावे काय’ यावर जुन्या खेळाडूंनी कित्येक दिवस संताप व्यक्त केला. माझ्या मते हारा यांचे बरोबर होते आणि संतापणाऱ्यांचे चूक. परंतु लक्षात घ्यावे की, अकरा धावांनी मागे पडलेल्या सामन्याची आठवी इनिंग इतक्या लोकांनी इतक्या बारकाईने पाहिली होती, म्हणूनच तो वाद झाला. सगळेच दाजींसारखे उठून गेले असते, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

आणि याचे टोक पाहायचे असेल तर १९९८ च्या जुलैत आओमोरी प्रांतातील शालेय स्पर्धेत फुकाउरा आणि तोओ गिजुकु यांच्यात झालेला सामना पाहावा. फुकाउराची मुले १२२-० अशी हरली. सातव्या इनिंगनंतर नियमाने सामना संपला. मध्येच माघार घेण्याचा पर्याय मुलांपुढे होता, पण त्यांनी खेळणे चालू ठेवले. व्यावसायिक संघाच्या चाहत्याला अशा मुलांसमोर पाचव्या इनिंगला उठून जाताना थोडे तरी अवघडल्यासारखे वाटायला हवे.

आमच्या संघाचे पुढे काय झाले, तेही सांगतो, कारण दाजी ते नेहमी वगळतात. १ एप्रिल रोजी सेंदाईतील पहिल्याच सामन्यात आम्ही सेइबु संघाला १६-५ असे हरवले. तोही एकतर्फीच, पण त्यावर कोणी विनोद करत नाही. बाकी ते वर्ष वाईटच गेले: ३८ विजय, ९७ पराभव, एक अनिर्णित, आणि व्यवस्थापक ताओ यांची एका हंगामातच गच्छंती. लोत्तेने त्याच वर्षी जपान सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, जिंकली आणि हानशिनला १०-१, १०-०, १०-१, ३-२ असे चार सामन्यांत धुऊन काढले. त्यांतला पहिला तर दाट धुक्यामुळे सातव्या इनिंगमध्येच थांबवावा लागला. चार सामन्यांची बेरीज ३३-४ होते, आणि हे दोन आकडे एकत्र उच्चारले की, हानशिनचा चाहता आजही तोंड फिरवतो. म्हणजे लोत्तेकडून मार खाणारे आम्ही एकटे नव्हतो.

आठ वर्षांनी, ३ नोव्हेंबर २०१३ रोजी, राकुतेनने सेंदाईतच जपान सिरीजचा सातवा सामना जायंट्सविरुद्ध ३-० असा जिंकला. २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर तोहोकु प्रदेश अजून सावरत होता. त्या हंगामात २४ विजय आणि शून्य पराभव अशी कामगिरी केलेला तानाका मासाहिरो आदल्याच दिवशी १६० चेंडू टाकून वर्षातला पहिला सामना हरला होता, आणि तोच नवव्या इनिंगमध्ये पुन्हा पिचिंगला आला. मी तोपर्यंत भारतात परतलो होतो आणि सामना संगणकावर पाहत होतो. चिबाला बरोबर बसलेल्या सहाध्यायाचा फोन आला. दोघांनाही धड बोलता येईना. दाजींनी दुसऱ्या दिवशी ‘अभिनंदन’ असा संदेश पाठवला. मी ‘धन्यवाद’ असे उत्तर दिले. पण त्या अभिनंदनावर त्यांचा हक्क आहे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पुढे संघ जिंकेल म्हणून आम्ही तेव्हा बसलो होतो, असाही माझा दावा नाही. २७ मार्चला ते कोणालाच माहीत नव्हते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर: बसावे. पुढच्या वेळी बाहेरच्या मैदानामागील चाहत्यांच्या स्टँडचे तिकीट घ्यावे, कोणत्या बाजूला कोणाचा स्टँड आहे ते आधी विचारून घ्यावे, आणि निदान एका बॅटरचे गाणे पाठ करून जावे. म्हणजे संघ दहाने मागे असला तरी आपल्याला काही काम असेल. अर्थात लहान मूल बरोबर असेल, ताप असेल, अंगावर पाऊस असेल किंवा शेवटची गाडी चुकणार असेल तर खुशाल उठावे. कोणीही काही म्हणणार नाही. दाजींना त्या दिवशी यांपैकी कोणतीही अडचण नव्हती. रविवारची दुपार होती आणि निशी-कासाईला जाणाऱ्या गाड्या रात्री उशिरापर्यंत होत्या.