हल्ली जुळी मुले जास्त दिसतात, ती आईच्या वाढत्या वयामुळे की उपचारांमुळे?

आपल्या छत्तीस वर्षांच्या बहिणीचे वंध्यत्वावरील उपचार सुरू होणार आहेत, म्हणून आपण हा प्रश्न विचारला आहे. मी मिरजेतील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. कारणे दोन्ही आहेत, पण उपचारांचा वाटा आपल्याला आटोक्यात ठेवता येतो.

वय वाढते तसा अंडाशयातील बीजांचा साठा घटतो, त्यांना पक्व करणारे एफएसएच हे संप्रेरक अधिक स्रवते आणि एखाद्या महिन्यात दोन बीजे एकदम बाहेर पडतात; म्हणूनच भिन्नबीज जुळ्यांचे प्रमाण 35 ते 39 या वयात सर्वाधिक असते. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेली एकबीज जुळी मात्र कोणत्याही वयात हजारी सुमारे चारच.

बीज पक्व होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोमिफेनच्या गोळ्यांनी राहिलेल्या गर्भधारणांत शेकडा पाच ते दहा जुळ्या असतात आणि संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी त्याहूनही जास्त, कारण किती बीजे फुटतील यावर पूर्ण ताबा राहत नाही. आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करण्याच्या पद्धतीत, मात्र गर्भाशयात किती भ्रूण सोडायचे हे ठरवूनच केले जाते. स्वीडनने 2003 पासून बहुतेकींना एकच भ्रूण सोडण्याचा नियम केला आणि तेथील आयव्हीएफच्या जुळ्यांचे प्रमाण शेकडा पंचवीसच्या आसपास होते ते पाचवर आले.

आपल्याकडे ठेव मोडून, बागेवर कर्ज काढून आलेली माणसे "एकाच खर्चात दोन लेकरे होऊ द्या" असे म्हणतात, आणि त्यांची ओढ मला कळते. परंतु निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांच्या आतच जन्मतात. मनगटावर 'ट्विन १', 'ट्विन २' अशा पट्ट्या बांधलेली दीड-दीड किलोची बाळे, दर दोन तासांनी नळीवाटे जाणारे काही मिलिलिटर दूध आणि टाके ओले असतानाच एकाला छातीशी धरून दुसऱ्याच्या मॉनिटरकडे पाहणारी आई हे आमच्या विभागातले नित्याचे दृश्य आहे. आईलाही रक्तदाबाचा आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा धोका वाढतो.

म्हणून भ्रूण सोडण्यापूर्वीच "एकच सोडून उरलेले गोठवता येतील का?" असे बहिणीने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. या वयात ते दोन सुचवू शकतात. तसे झाल्यास कारण समजून घेतल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नये. क्वचित एका भ्रूणाचेही दोन होतात, त्यामुळे सुरुवातीच्या सोनोग्राफीत गर्भ किती आहेत आणि दोन असल्यास वार (गर्भाला पोसणारी प्लासेंटा) एकच आहे की वेगवेगळी, हे अवश्य पाहून घ्यावे.