शिवणाच्या गोष्टी: कुर्ता पोटावर का गोळा होतो?

प्रश्न : मी खानापूरची, वय ४३. खांदे बारीक, कमरेखाली अंग भारी. भाचीच्या लग्नाला खणाचा ड्रेस शिवायचाय. पण मागचा कुर्ता बसलं की पोटावर गोळा व्हायचा. पोट झाकेल असं काही सांगाल?

उत्तर : ताई, पोटाला उगाच दोष देताय. कुर्ता सीटवर, म्हणजे नितंबांवर, अडकतो, खाली सरकत नाही, म्हणून वर गोळा होतो. शहापुरात मशीनवर बसून निम्म्या बायकांचं हेच गाऱ्हाणं ऐकते. टेलरला सीटचं माप तुम्हाला खुर्चीवर बसवून घ्यायला सांगा, कारण बसल्यावर ते वाढतं. त्या मापापेक्षा ३-४ इंच सैल ठेवा. चाक, म्हणजे कुर्त्याच्या बाजूची चीर, सीटच्या सगळ्यात रुंद जागेच्या जरा वरूनच सुरू होऊ दे.

आता खण. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण म्हणजे मुळात चोळीचं कापड, पन्हा अरुंद. अख्खा ड्रेस करायचा तर जोडच जोड येणार, आणि कडक कापड कमरेखाली फुगून उभं राहणार. तुम्हाला तेच नकोय ना? मग खण फक्त योकला (छातीच्या वरच्या, खांद्यांपर्यंतच्या भागाला) आणि बाह्यांना लावा, खाली साधं सुळसुळीत कापड घ्या. नजर वर जाते, बारीक खांदेही भरल्यासारखे दिसतात. खांद्याची शिवण मात्र हाडाच्या टोकावरच हवी, दंडावर उतरली की सगळं मुसळ केरात.

सुती अस्तर कापायच्या आधी रात्रभर भिजवा. मी एकदा आळस केला. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं आणि माझा खणाचा ब्लाऊज चुण्यांनी भरला. अजून कपाटात पडून आहे.