बडोद्यात राहून निर्वासितांवर धोरण-संशोधन: होईल, पण मुलाखतींपासून सुरुवात नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समाजकार्याचं शिक्षण संपत आलंय, निर्वासितांचं संरक्षण आणि पुनर्वसन यावर धोरण-संशोधन करायचंय, पण घरच्या जबाबदारीमुळे दिल्लीला जाणं शक्य नाही. बडोद्यात बसून काही होईल का?

होईल. फक्त आल्या आल्या मुलाखती घेत सुटू नका. या विषयात येणारा जवळजवळ प्रत्येक नवा माणूस आधी वस्तीत जातो, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कहाण्या गोळा करतो आणि अहवालाच्या शेवटी 'शासनाने संवेदनशीलतेने विचार करावा' असं लिहून मोकळा होतो. असल्या वाक्याने एक फाइल हलत नाही. माणूस नेमका कुठल्या नियमाशी अडकलाय हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

आपल्याकडे ते जास्तच किचकट आहे. १९५१चा निर्वासितविषयक करार आणि १९६७चा प्रोटोकॉल, दोन्हींवर भारताने सही केलेली नाही, आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेले तमिळ यांचं सरकार बघतं. अफगाण, म्यानमारचे लोक यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेकडे नाव नोंदवतात. पाकिस्तानातून आलेले हिंदू बहुतेक एलटीव्हीवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. कायद्याच्या लेखी मात्र सगळे परदेशी नागरिकच.

बडोद्यातून अभ्यासायला हा शेवटचा गट सोयीचा. २८ मे २०२१ला गृह मंत्रालयाने अधिसूचना काढून १३ जिल्ह्यांच्या कलेक्टरांना नागरिकत्वाच्या अर्जांवर निर्णय घ्यायचा अधिकार दिला, त्यात वडोदरा होतं. तेव्हा अनेकांनी ती सीएएची, म्हणजे पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या बिगर-मुस्लिम अल्पसंख्याकांसाठीच्या २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची सुरुवात समजली. तसं नव्हतं. ती १९५५च्या मूळ कायद्याखालची, रीतसर कागदांवर आलेल्यांसाठी होती. सीएएचे नियम आले थेट ११ मार्च २०२४ला. शिवाय सप्टेंबर २०२५पासून आणखी एक सवलत लागू झाली. गंमत अशी की या तिन्हींची अजूनही खिचडी केली जाते, वकीलसुद्धा करतात.

ती सोडवायची कशी ते एका कल्पित उदाहरणावर बघा. सिंधमधले दोन हिंदू भाऊ. थोरला नोव्हेंबर २०१४मध्ये आला, धाकटा पुढच्या फेब्रुवारीत. सीएएची तारीख ३१ डिसेंबर २०१४. त्यामुळे थोरल्याचा व्हिसा कधीच संपलेला असला तरी त्याला अर्ज करता येतो, आणि वास्तव्याची अट ११ ऐवजी ५ वर्षांची. धाकटा दोन महिन्यांच्या आतच हुकला. नव्या सवलतीत ३१ डिसेंबर २०२४पर्यंत आलेले बसतात, म्हणून पासपोर्ट-व्हिसाची मुदत संपली या कारणावरून त्याच्यावर खटला होणार नाही. पण त्याने नागरिकत्व मिळत नाही. एलटीव्ही घ्यायचा, तो वाढवत राहायचा आणि जुन्या लांब मुदतीने वाट बघायची. निर्णय कलेक्टरने केला म्हणून ती मुदत कमी होत नाही. त्याला इथे मूल झालं तर? आई-वडिलांपैकी एकही भारतीय नसेल तर १ जुलै १९८७पासून इथे जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरत नाही. म्हणजे एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्यांचे तीन दर्जे. हे एका पानावर नीट मांडलंत तर कलेक्टर कचेरीतला माणूसही वाचेल.

आणि सीएएच्या यादीत जे मुळातच नाहीत, पाकिस्तानातले अहमदिया, अफगाणिस्तानातले हजारा, म्यानमारचे रोहिंग्या, त्यांना परिशिष्टात ढकलू नका. बडोद्यात चहापानाच्या गप्पांत हा विषय निघाला की आवाज चढतात, ठाऊक आहे. तरी लिहा. गुजरात हायकोर्टाने १९९८मध्ये इराकी निर्वासितांच्या खटल्यात, जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत पाठवू नये हे तत्त्व घटनेच्या २१व्या कलमात येतं असं म्हटलं होतं. २०२१मध्ये सुप्रीम कोर्टाने जम्मूतल्या रोहिंग्यांना अंतरिम दिलासा नाकारला, रीतसर प्रक्रिया पाळा एवढंच सांगितलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. हंसा मेहता लायब्ररीत बसून वाचलेत तर आणखी बरं. हंसाबेन आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या एकेकाळच्या कुलगुरू, आणि १९४८च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम केलेल्या. त्यातलं १४वं कलम आश्रय मागण्याच्या हक्काचं आहे.

तिसऱ्या देशात वसवण्याबद्दल फार आशा घेऊन येऊ नका. जगातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्यालाही वर्षाकाठी ती संधी मिळत नाही, आणि निवड तो देश करतो. नेपाळच्या छावण्यांतल्या भूतानी लोकांचं उदाहरण यशस्वी म्हणून देतात, ते बरोबरच आहे: २००७पासून एक लाखाहून जास्त माणसं आठ देशांत गेली, बहुतेक अमेरिकेत. पण २०२५मध्ये अमेरिकेने त्यांतल्या काहींना भूतानला परत पाठवलं, भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडलं, आणि त्यांतले काही पुन्हा नेपाळात पोचले. त्याच वर्षी अमेरिकेने पुढच्या वर्षी घ्यायच्या निर्वासितांची मर्यादा ७,५०० वर आणली. आधी ती १,२५,००० होती.

पैशाचं बोलायचं तर बडोद्यात या विषयाची पगारी नोकरी जवळजवळ नाही. प्रकल्पावर काम, कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांसाठी टिपणं, भाषांतर, असं जोडत जावं लागतं. मराठी, गुजराती, हिंदी तुम्हाला येतच असणार. वारसियात, शहरातल्या सिंधी वस्तीत, कुणाकडून कामापुरती सिंधी शिका, तिचा उपयोग इंग्रजीतल्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त होईल.

मुलाखती मग घ्या. वहीत खरं नाव, पासपोर्ट नंबर, गल्ली लिहायची नाही. अर्जाच्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवायचे नाहीत. आणि 'मॅडम, आमचं काम होईल ना?' असं कुणी विचारलं तर तिथल्या तिथे नाही म्हणायचं, मग चहा प्यायचा.