स्मरणाच्या यमकबद्ध ओळी हल्ल्याची आठवण खरोखर टिकवतात का?

एखाद्या हल्ल्याची राजकीय आठवण यमकबद्ध ओळींमुळे पिढ्यानपिढ्या टिकते का आणि आजच्या हल्ल्यांसाठी तशा ओळी रचाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते अशा ओळींमुळे तारीख आणि शत्रू लक्षात राहतात. हल्ला का झाला, हे मात्र त्यांतून गळून जाते, आणि मला या गळतीचीच काळजी वाटते.

इंग्लंडचे उदाहरण घ्या. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी राजा पहिला जेम्स याच्यासह सारी संसद उडवून देण्याचा कट रॉबर्ट केट्सबी आणि त्याच्या कॅथलिक साथीदारांनी रचला होता. लॉर्ड्स सभागृहाखाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे सापडली आणि त्यांची राखण करणारा गाय फॉक्स पकडला गेला. पुढे रूढ झालेले बडबडगीत ही तारीख स्मरणात ठेवण्यास बजावते आणि हा राजद्रोह विसरण्याचे काहीच कारण नाही, असे ठासून सांगते. परंतु सरकारी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये न येणाऱ्यांना १५८१च्या कायद्याने महिन्याला २० पौंड दंड होता आणि जेम्सकडून सवलत मिळेल ही कॅथलिकांची आशा फोल ठरली होती, याचा त्यात मागमूसही नाही. हे मी कटाचे समर्थन म्हणून सांगत नाही. तो यशस्वी झाला असता तर असंख्य माणसे मेली असती.

केवळ यमकामुळे ही आठवण टिकली, असेही मी मानत नाही. संसदेने १६०६ मध्ये कायदा करून त्या दिवशीची वार्षिक आभारप्रार्थना सक्तीची केली आणि तो कायदा १८५९ पर्यंत कायम राहिला. म्हणजे अडीचशे वर्षे प्रार्थना, प्रवचने, चर्चच्या घंटा आणि रस्त्यांवरच्या होळ्या ही आठवण जागती ठेवत होत्या. या गीताच्या काही विस्तृत पाठांत पोपला जाळण्याची भाषा आहे, आणि १८५० मध्ये पोपने इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मप्रांतांची पुनर्स्थापना केली तेव्हा लोकांनी पोप आणि तिथल्या कॅथलिकांचे प्रमुख कार्डिनल वाइजमन यांचे पुतळे खरोखरच जाळले. कटाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांवर जुना राग असा सहज वळवता आला, ही मला या परंपरेतली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

तेव्हा तशा ओळी रचायच्याच असतील, तर कोणत्याही समाजाचे नाव शत्रू म्हणून न घालता मृतांची नावे आणि हल्ल्याचे ठिकाण त्यांत गुंफावे, आणि मुलांना त्या पाठ करून घेताना हल्ल्यामागची कारणेही त्याच वेळी समजावून सांगावीत.