वाचकांचे प्रश्न : परदेशातील यजमान घर आणि आपली मुले

रोटरी आणि लायन्स यांसारख्या सेवाभावी क्लबांच्या युवा विनिमय योजनांविषयी, म्हणजे मुलांनी काही काळ परदेशातील यजमान कुटुंबात राहण्याच्या योजनांविषयी, बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. रोटरीमार्फत मुलांना वर्षभरासाठी परदेशी पाठवतात, असे तिच्या शिक्षिकांनी सांगितले. आमच्या घरात कोणीही रोटरीचे सभासद नाही आणि मुलीला इंग्रजी बोलण्याचा सराव नाही. तिने अर्ज करावा का? — एक आई, खानापूर

जरूर करावा. घरातील कोणी तरी सभासद असले पाहिजे, असा नियम नाही. मात्र अर्ज जवळच्या क्लबमार्फतच जातो आणि त्या क्लबने मुलीची शिफारस करावी लागते. योजना १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे नववीत असतानाच क्लबच्या पदाधिकाऱ्यांना भेटणे योग्य ठरेल. आपला भाग रोटरीच्या ३१७० क्रमांकाच्या प्रांतात येतो आणि या प्रांतात उत्तर कर्नाटकाबरोबर गोवा व दक्षिण महाराष्ट्राचाही भाग आहे. त्यामुळे क्लबने अर्ज पुढे पाठवल्यावर प्रांताच्या मुलाखतीसाठी कोल्हापूरला किंवा गोव्याला जावे लागण्याची शक्यता गृहीत धरावी.

इंग्रजीचा आपण फार धसका घेतला आहे, असे पत्रावरून वाटते. मुलगी जर्मनी किंवा ब्राझीलसारख्या देशात गेली, तर तेथील शाळा त्या देशाच्या भाषेत चालते आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांनाही तेथे पहिल्या धड्यापासूनच सुरुवात करावी लागते. घरी मराठी, बाजारात व कचेरीत कन्नड आणि दूरदर्शनवर हिंदी ऐकत वाढलेल्या मुलांच्या कानाला नव्या भाषेची भीती तुलनेने कमी असते, ही आपल्या सीमाभागातील मुलांची मोठी जमेची बाजू आहे आणि ती मुलाखतीत संकोच न करता सांगावी.

अर्जाबरोबर यजमान कुटुंबाला उद्देशून एक पत्र लिहायचे असते. पुष्कळ मुले त्यात गुणांची टक्केवारी आणि बक्षिसांची यादी देतात. वाचणाऱ्याला त्यावरून मुलाविषयी काहीच कळत नाही. पावसाळ्यात भाताची लावणी सुरू झाली की घरात कोणते काम कोणाकडे असते, वीज गेली की संध्याकाळ कशी जाते, धाकट्या भावाशी भांडण कशावरून होते, हे मुलीने तिच्या साध्या शब्दांत लिहावे. तिला आपल्या घरात घ्यायचे की नाही, हे एक अनोळखी कुटुंब त्या पत्रावरून ठरवणार असते.

खर्च किती येतो? मी शेतकरी आहे. शिवाय मुलाचे पीयूसीचे (अकरावी-बारावीचे) एक वर्ष वाया जाणार का? — एक वडील, निपाणी

वर्षभराच्या विनिमयात यजमान कुटुंबाकडील राहणे-जेवण आणि तेथील शाळेचे शिक्षण यांचा भार विद्यार्थ्यावर पडत नाही. यजमान क्लब दरमहा थोडा हातखर्चही देतो. विमानाचे जाण्यायेण्याचे भाडे, प्रवास विमा, पासपोर्ट, व्हिसा आणि वरखर्च मात्र आपल्याला करावा लागतो. ही रक्कम देशानुसार बदलते आणि शेतकरी कुटुंबाला ती लहान नाही. म्हणून क्लबकडून सर्व बाबींचा लेखी तपशील आधी मागून घ्यावा आणि क्लब काही वाटा उचलणार का, हे स्पष्ट विचारावे. क्लबांनीही ही मदत मनावर घ्यावी, असे मला तळमळीने वाटते. ज्या घरांना विमानाचे भाडे परवडते त्याच घरांतील मुले दरवर्षी जात राहिली, तर या योजनेचा हेतूच उरत नाही.

वर्षाबाबत मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. परदेशातील ते वर्ष येथील पीयूसीचे वर्ष म्हणून आपोआप धरले जात नाही, त्यामुळे शिक्षण एका वर्षाने लांबेल, असे समजूनच निर्णय घ्यावा. आपल्याकडील मुलांना दहावीची परीक्षा झाल्यानंतर आणि पीयूसीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेण्यापूर्वी जाणे सर्वांत सोयीचे, कारण त्या टप्प्यावर एक अभ्यासक्रम पूर्ण झालेला असतो. परत आल्यावर प्रवेश कसा मिळेल, हे ज्या महाविद्यालयात जायचे आहे तेथील प्राचार्यांना आताच भेटून विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. एक वर्ष देणे जमणार नसेल, तर सुटीतील अल्पमुदतीचा विनिमय असतो; तो काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतचा असू शकतो. त्यात बहुधा दोन कुटुंबे आळीपाळीने एकमेकांच्या मुलांना घरी ठेवून घेतात.

कागदपत्रांचे काम मागे ठेवू नये. जन्मदाखल्यावर नावाचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव तिसऱ्याच पद्धतीने, ही अडचण सीमाभागात घरोघरी आढळते, आणि दुरुस्तीत महिने जातात.

परक्या घरात मुलगी सुरक्षित राहील याची हमी कोण देतो? — एक आजोबा, संकेश्वर

आपला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. संपूर्ण हमी कोणीही देऊ शकत नाही. नियम मात्र कडक आहेत आणि ते पाळले जातात की नाही, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. या योजनेत भाग घेणाऱ्या प्रांताला रोटरी इंटरनॅशनलची मान्यता घ्यावी लागते. यजमान कुटुंबांची पार्श्वभूमी तपासली जाते आणि त्यांच्या घरी प्रत्यक्ष भेट दिली जाते. वर्षभरात मूल साधारणपणे एकाहून अधिक घरांत राहते. शिवाय यजमान क्लब एक समुपदेशक नेमतो. तो यजमान कुटुंबातील नसतो, म्हणजे घराविषयी तक्रार असेल तर ती त्या घराबाहेरील माणसाला सांगता येते. नात निघण्यापूर्वी या व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक आपल्याकडे असलेच पाहिजेत.

मुलांनाही बंधने असतात. वाहन चालवणे, मद्य, अमली पदार्थ आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींना मनाई असते आणि नियम मोडल्यास विद्यार्थ्याला घरी परत पाठवता येते. त्याचबरोबर एक गोष्ट नातीला आपण स्वतः सांगावी : कोणाच्या वागण्याने अवघडल्यासारखे झाले, तर पाहुणचाराची भीड बाळगायची नाही आणि त्याच दिवशी बोलायचे. आपल्या घरांत मुलींना गप्प राहण्याचे वळण लावले जाते. नात निघण्यापूर्वी ते वळण मोडले पाहिजे.

रोज तासभर व्हिडिओ कॉल करण्याचा मोह मात्र आवरावा. पहिल्या काही आठवड्यांत घरची आठवण तीव्र असते, आणि सतत फोन झाल्यास मूल तेथे रुळत नाही. आठवड्यातून एक ठरलेली वेळ पुरेशी होते.

माझे वय २१ आहे. संधी गेली का? — एक वाचक, चिकोडी

गेली नाही. लायन्सची युवा शिबिर व विनिमय योजना १५ ते २२ वर्षांच्या तरुणांसाठी आहे. साधारण चार ते सहा आठवड्यांच्या या मुक्कामात शाळा-महाविद्यालयाचा अभ्यास नसतो. रोटरीशी संलग्न रोटरॅक्ट क्लब १८ वर्षांपुढील तरुणांचे असतात आणि त्यांतून इतर देशांतील क्लबांबरोबर काम करता येते. पैसे घेऊन देश व व्हिसा नक्की मिळवून देतो, असे सांगणाऱ्या दलालापासून दूर राहावे.

आमच्या शाळेत इंटरॅक्ट क्लब आहे. पण वर्षाकाठी एक वृक्षारोपण होते आणि फोटो निघतात. याहून काय करावे? — एक शिक्षक, बेळगाव

रोटरीचा शालेय मुलांसाठीचा इंटरॅक्ट क्लब १९६२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या एका शाळेत सुरू झाला. १२ ते १८ वर्षांच्या मुलांच्या या क्लबाकडून वर्षाला किमान दोन उपक्रम अपेक्षित असतात : एक शाळेसाठी किंवा गावासाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी. दुसऱ्याकडे बहुतेक शाळा वळतच नाहीत. परदेशातील एखाद्या इंटरॅक्ट क्लबाशी संपर्क साधून दोन्हीकडच्या मुलांनी एकच विषय हाती घ्यावा, उदाहरणार्थ गावातील पिण्याचे पाणी कोठून येते. मुलांनी विहिरी, तलाव आणि नळयोजना पाहाव्यात, मोजमापे टिपून ठेवावीत आणि ती तिकडच्या मुलांना कळवावीत. पुढे विनिमयाच्या मुलाखतीला हीच मुले सर्वांत सहजतेने बोलतात.

वर्षभरासाठी आलेली एक परदेशी विद्यार्थिनी काही महिने आमच्याकडे राहणार आहे. घर लहान, जेवण शाकाहारी. काय तयारी करावी? — एक कुटुंब, शहापूर

आपण दार उघडले, याबद्दल मनापासून अभिनंदन. आपली मुले तिकडे जावीत असे वाटणारी घरे पुष्कळ; येणाऱ्या मुलीला ठेवून घेणारी थोडी. स्वतंत्र खोली नसली तरी चालते. तिची स्वतंत्र खाट आणि सामानाचे कपाट हवे, आणि खोलीत सोबत असेल ती साधारण तिच्याच वयाची मुलगी असावी. शाकाहाराची कल्पना ती येण्यापूर्वीच पत्राने द्यावी. पहिले काही दिवस तिखट कमी ठेवावे, पाणी उकळून किंवा गाळून द्यावे; कुंदा ही आपली दुधाची मिठाई मात्र बहुतेकांना पहिल्याच दिवशी आवडते.

तिला पाहुण्यासारखे बसवून ठेवू नये. ताटे मांडणे, भाजी निवडणे, संध्याकाळी भाजी आणायला जाणे, ही कामे घरच्या मुलांप्रमाणे तिलाही द्यावीत. कामात हात असला की भाषा लवकर येते. ती पोहोचल्यापासून २४ तासांत परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) ऑनलाइन भरावा लागतो. तो क्लबने भरायचा की आपण, हे ती विमानात बसण्यापूर्वी ठरवून घ्यावे आणि भरल्याची प्रत तिच्या पासपोर्टच्या प्रतीसोबत ठेवावी.