स्वयंपाकघराचा ओटा सागवानाचा करावा की ग्रॅनाइटचा?

तुम्ही लिहिलंय की देवरुखला घराचं काम सुरू आहे, डिझायनरने सागवानी ओटा सुचवलाय, तुम्हाला तो मनापासून आवडलाय आणि घरचे मात्र ग्रॅनाइटवर अडून बसलेत. मी चिपळूणची. माझ्याकडे दोन्ही होऊन गेलेत, म्हणून सांगते: गॅस आणि सिंक जिथे असेल तिथे दगडच घ्या. लाकडाची हौस वेगळ्या, कोरड्या टेबलावर पुरवा.

आमचा पहिला ओटा सागवानी फळ्या जोडून केलेला होता. दिसायला फार सुंदर. भांडं ठेवलं तरी खणखणाट नाही, हिवाळ्यात पहाटे हात ठेवला तर गार लागत नाही. पहिल्याच पावसाळ्यात सिंकच्या कडेने एक काळी रेघ उमटली. आधी वाटलं काजळी असेल, घासली, गेली नाही. गणपतीच्या आसपास तिथे नख दाबून पाहिलं तर नख आत रुतलं.

सागाच्या लाकडात मुळातच तेल असतं, तो पाण्याला टिकतो, हे खरं आहे. पण फळी जिथे आडवी कापतात तिथे तिच्या बारीक नळ्या उघड्या पडतात आणि त्या पाणी ओढतात. सिंकसाठी पाडलेल्या चौकोनाच्या दोन बाजू म्हणजे असा उघडा काप. सिंकच्या पट्टीखाली ओल बसून राहते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती वाळायचं नाव घेत नाही. शिवाय फळी पावसात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते. आमच्या सुताराने खालून स्क्रू अगदी घट्ट आवळले होते, तिला हलायला जागाच ठेवली नव्हती. दुसऱ्या मे महिन्यात मधोमध वीतभर लांब चीर गेली. त्या चिरेत पीठ जायचं, पिठामागे मुंग्या. हळद आणि कोकमाचं आगळ सांडलं त्याचे डाग तर कायमचेच.

पुढे 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. चिखल काढल्यावर पाहिलं तर ओट्याच्या फळ्या पन्हाळीसारख्या वाकल्या होत्या. मागच्या पडवीतला जुना कडाप्प्याचा ओटा मात्र आम्ही झाडूने खरवडून धुतला आणि पहिला चहा त्याच्यावर केला.

तेव्हा सासूबाई जे बोलल्या ते मला अजून पटतं. त्या म्हणाल्या, “काठवट, पोळपाट धुतले की आपण भिंतीला उभे करतो, उन्हात ठेवतो. ओटा कसा उभा करणार?” जुन्या स्वयंपाकघरात लाकूड भरपूर होतं, पण ते उचलून वाळवता येणारं. ओल्या कामाचा पाटा-वरवंटा दगडाचाच.

आता दगड कुठला, कारण नुसतं दगड म्हणून भागत नाही. कडाप्पा, शहाबादी, कोटा हे चुनखडीचे दगड. मार्बलही चुन्याचाच. लिंबू, चिंच, आगळ पडलं की पॉलिश खातं, पांढुरका डाग राहतो आणि पुसून जात नाही. कडाप्पा ओट्याच्या खाली आधाराला उत्तम, वर ग्रॅनाइट टाका. ग्रॅनाइटला आंबटाचं काही होत नाही, गरम कुकर उतरवून ठेवला तरी सहसा काही होत नाही. पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्झच्या मोहात पडू नका. त्यात दगडाचा चुरा रेझिनने बांधलेला असतो, तापलेला तवा टेकला की पिवळा डाग पडू शकतो. आपल्या हळदीच्या स्वयंपाकाला तो रंगही सोसत नाही.

दगड बघायला जाताना खिशात लिंबू, थिनरची छोटी बाटली आणि पांढरं फडकं घेऊन जा. काळ्याभोर दगडावर थिनरचं फडकं घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, परत फिरा. लिंबाचे थेंब एका कोपऱ्यावर दहा मिनिटं ठेवा, चमक गेली तर तो ग्रॅनाइट नव्हे. पाणी ओतूनही बघा. दगड पटकन गडद झाला तर तो पाणी पितोय, तेलही पिणार. फिकट रंगांत हे जास्त दिसतं.

बसवताना दोन गोष्टींवर स्वतः उभ्या राहा. एल आकाराच्या ओट्याचा जोड सिंकवर येऊ देऊ नका. आणि सिंकच्या पुढे दगडाची जी अरुंद पट्टी उरते, ती सगळ्यात नाजूक. तिच्याखाली आधार दिलाय की नाही ते वाकून बघा.

लाकडाचं टेबल मात्र जरूर करा, खिडकीपाशी, भाजी निवडायला, पोळ्या लाटायला. नीट वाळलेला साग घ्या, फळी दीड इंच जाड, स्क्रूची भोकं लांबट पाडायला सांगा म्हणजे फळीला हलता येईल. खायचं जवसाचं तेल लावा, आणि खालच्या बाजूलाही तेवढंच लावा, नाहीतर एकच बाजू ओल ओढते आणि फळी वाकते. हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड तेल नको, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूचे क्षार घातलेले असतात. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

आमच्या जुन्या ओट्याचा एक धड तुकडा मी रंधा मारून ठेवून घेतलाय, दोन फूट लांब. त्याच्यावर रोज कणीक मळते आणि धुतला की खिडकीत उभा करते. तो अजून सरळ आहे.