लाल कोट नकोच, काळाही इतक्यात नको

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लेस्टरशायरमध्ये नोकरी करता, घोडेस्वारी बऱ्यापैकी येते, आणि सप्टेंबरपासून तबेल्यातल्या ओळखीच्या लोकांबरोबर हंटला, म्हणजे शिकारी कुत्र्यांमागे घोड्यावरून रपेट करणाऱ्या जथ्याबरोबर, जायचं ठरवलंय. हाताशी 700 पौंड आहेत. एक दुकान मापाने शिवलेल्या कोटासह सगळा पोशाख 1,250 पौंडांत, बारा बिनव्याजी हप्त्यांवर देतंय. घ्यावा का?

नको. व्याज नसलं तरी नको. ऑनलाइन घेतलेली तयार वस्तू 14 दिवसांत परत करता येते, पण मापाने शिवलेल्या कोटाला तो हक्क लागू नाही. शिवाय इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार 18 फेब्रुवारी 2005 पासून बेकायदा आहे. आज चालतं ते ट्रेल हंटिंग, म्हणजे आधी पसरून ठेवलेल्या वासामागे हाउंड्स, म्हणजे शिकारी कुत्रे, आणि त्यांच्यामागे घोडे. तेही बंद करू, असं लेबर पक्षाने 2024 च्या जाहीरनाम्यात म्हटलंय. उद्या बंद झालं, तर सगळेच आपापले कोट विकायला काढतील. ज्या वस्तूची फेरविक्रीची किंमत एका कायद्यावर टांगलेली आहे, तिच्यावर वर्षभराचे हप्ते बांधून घेऊ नयेत.

रीत तुमच्या बाजूची आहे. ऑक्टोबरअखेरपर्यंत बहुतेक जण साध्या पोशाखात येतात, त्याला रॅटकॅचर म्हणतात: ट्वीडचं (जाड लोकरी कापडाचं) जाकीट, फिक्या रंगाची ब्रीचेस (घोडेस्वारीची घट्ट विजार), शर्ट आणि टाय. ऑफिसचा टाय चालतो. काळा कोट लागतो तो नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या ओपनिंग मीटपासून, म्हणजे मुख्य हंगामाच्या पहिल्या दिवसापासून. लाल कोट मास्टर (हंटचा प्रमुख), हंटचे कर्मचारी आणि ज्यांना मास्टरने हंटचं बटण दिलंय अशा पुरुषांचा. नवख्याने तो घालणं म्हणजे लग्नात पाहुण्याने मुंडावळ्या बांधून येणं.

आता पैशांची वाटणी. हेल्मेटला 90 पौंड, आणि ते नवंच. वापरलेल्या हेल्मेटचा आतला थर पडल्यामुळे चेपलेला असला तरी बाहेरून कळत नाही. आत पीएएस 015 हे सुरक्षा मानक आणि काइटमार्क ही चाचणीची खूण आहे का ते पाहा. रंग काळा किंवा गडद निळा, चकाकी नको. बॉडी प्रोटेक्टरला, म्हणजे छाती-पाठ वाचवणाऱ्या जाड जाकिटाला, 130, तोही नवा, बीटा लेव्हल 3 या सुरक्षा श्रेणीचा. तो क्रेडिट कार्डाने घ्या आणि बिल आलं की पूर्ण भरा. 100 पौंडांवरच्या खरेदीत माल सदोष निघाला, तर कार्ड कंपनीही जबाबदार असते.

ब्रीचेसला 50. लांब रबरी बुटांना 45. ते पाय गारठवतात, पण नवख्याला कुणी नावं ठेवत नाही. लोकरी मोजा घालूनच माप घ्या, बोटांना जागा राहिली पाहिजे. बागकामाचे जाड खाचांच्या तळव्याचे गमबूट मात्र अजिबात नकोत. पडताना पाय रिकिबीत अडकला, तर घोडा फरफटत नेतो. हातमोज्यांना 15, सुती विणीचे घ्या, ओल्या लगामावर पकड राहते. वापरलेलं ट्वीड जाकीट 45 मध्ये बसवा.

इथवर 375 झाले. नोव्हेंबरपर्यंत जायची गोडी टिकली, तरच पुढचे 125 काढा: 100 जुन्या काळ्या कोटाला, 25 पांढऱ्या स्टॉकला (गळ्याभोवती बांधायच्या पट्ट्याला) आणि त्याच्या पिनेला. स्टॉक आधीच बांधलेला नको, साधा लांब सुती घ्या, वेळप्रसंगी जखमेला पट्टी किंवा हाताला झोळी होते. पीन आडवी लावायची. उभी लावली तर पडल्यावर टोक गळ्यात शिरू शकतं.

जुन्या कोटात लोक सर्वाधिक फसतात. ‘रायडिंग जाकीट’ म्हणून विकले जाणारे पुष्कळ कोट स्पर्धेचे असतात: पातळ, पॉलिस्टरचे, आखूड. पावसात ते तासाभरात आरपार भिजतात आणि मांड्या उघड्या राहतात. हंटचा कोट हातात घेतल्यावरच जड लागतो, जाड लोकरीचा असतो आणि खालचा घेर मांडी झाकतो. उजेडात धरून कसर लागली आहे का बघा, मग बगलेची शिवण, मग घेराचं अस्तर, कारण खोगिराने ते आधी झिजतं. छातीचं माप बॉडी प्रोटेक्टर घालून घ्या, तो आत जातो. ट्वीडलाही हेच. कोटावर दुसऱ्या हंटची बटणं असली तर काढून साधी काळी लावा, ती बटणं सदस्यत्वाची खूण असतात. चिखल पूर्ण वाळू द्या आणि ब्रशने झाडा. हीटरवर वाळवलात तर लोकर आटते.

उरलेले 200 कपड्यांना लावू नका. खरा खर्च तिथे नाहीच. पाहुण्याची दिवसाची फी, म्हणजे कॅप, आणि भाड्याचा घोडा मिळून बहुतेक ठिकाणी दीडशे पौंडांपुढे जातं. हा आकडा दर वेळी येतो, कोट एकदाच. महिन्यातून दोनदा गेलात, तर हंगामाचं गणित हजारांत जाईल. तेवढी बचत नसेल तर महिन्यातून एकदाच जा. जाण्याआधी उत्पन्न-संरक्षण विम्यातली वगळलेल्या जोखमींची यादीही वाचा. त्यात घोड्यावरचे खेळ असतील, तर ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या गोल्ड सदस्यत्वात वैयक्तिक अपघात आणि तृतीय पक्षाचा विमा येतो, तो जमेस धरा. पण बुडालेला पगार तो भरून देत नाही.

दुकानाला नकार कळवा आणि हंटच्या सेक्रेटरीला एक ईमेल टाका: नवख्याला हंगामभर ट्वीड चालेल का? अनेक ठिकाणी चालतं. होकार आला तर काळ्या कोटाचे 100 पौंडही वाचले.